रूट : आपल्याच फोनवर आपण उपरी

१/ ‘फोन रूट करणे म्हणजे हॅकिंग’, ‘कंपनीच्या वस्तूशी छेडछाड’, ‘चोरांचे धंदे’. अलीकडे ही वाक्ये इतक्या आत्मविश्वासाने उच्चारली जातात, की ती जणू निसर्गनियम वाटावीत. ती निसर्गनियम नाहीत. त्यांना इतिहास आहे, त्या इतिहासात पक्ष आहेत, आणि त्यांतला एक पक्ष आपला आहे. हा धागा त्या पक्षाच्या बाजूने लिहिला आहे. तटस्थतेचा आव आणणार नाही.

२/ आधी शब्द. १९६९ मध्ये बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्सची पायाभरणी केली. त्या काळी एका यंत्रावर अनेकजण काम करीत. म्हणून सर्वाधिकार असलेले एक खाते वेगळे ठेवले गेले : ‘रूट’, क्रमांक शून्य. सामायिक यंत्रावर ही व्यवस्था न्याय्यच होती. वाड्याच्या सगळ्या किल्ल्या प्रत्येक बिऱ्हाडकरूला देत नाहीत.

३/ अँड्रॉइड लिनक्सवर उभे आहे, म्हणून रूट तिथेही आले. पण इथे एक विलक्षण उलथापालथ झाली. लिनक्समधील ‘वापरकर्ता क्रमांक’ अँड्रॉइडने ॲपांना वाटून दिले : प्रत्येक ॲपला स्वतंत्र क्रमांक, स्वतंत्र कोठडी. सुरक्षेच्या दृष्टीने कल्पना उत्तम. मात्र वाड्यात आता बिऱ्हाडकरू ॲपे, किल्ल्या कंपनीकडे, आणि ज्याने वाडा विकत घेतला त्याचे नाव कुठेच नाही.

४/ मराठेशाहीच्या महसुली कागदपत्रांशी परिचय असलेल्यांना इथे दोन शब्द आठवतील : मिरासदार आणि उपरी. मिरासदाराचा जमिनीवरचा हक्क वंशपरंपरागत. सारा भरीत असेल तोवर त्याला हुसकावणे सोपे नव्हते. उपरी तीच जमीन कसे, पण ठरावीक मुदतीच्या कौलावर. नांगर दोघांचाही चाले. फरक हक्काचा होता. आज फोनची पूर्ण किंमत मोजूनही आपली स्थिती उपऱ्याची आहे, आणि कौलाची मुदत ‘अपडेट किती वर्षे’ या नावाने ठरलेली असते.

५/ ‘यंत्र तुमचे, पण हात लावायचा नाही’ हा दावा फोनइतकाच जुना आहे. अमेरिकेत ए. टी. अँड टी. या कंपनीने ‘हश-अ-फोन’ या वस्तूला विरोध केला होता. ती काय होती? बोलणे शेजाऱ्याला ऐकू जाऊ नये म्हणून रिसीव्हरच्या तोंडाला लावायची एक साधी वाटी! नियामक आयोगाने कंपनीची री ओढली. १९५६ मध्ये न्यायालयाने तो निर्णय फिरवला. पुढे टेक्सासच्या थॉमस कार्टर यांनी बिनतारी संच टेलिफोनला जोडणारे ‘कार्टरफोन’ बनवले, आणि १९६८ मध्ये त्याच आयोगाने मान्य केले की जाळ्याला अपाय होत नसेल तर ग्राहक स्वतःचे उपकरण जोडू शकतो. त्या काळीही कंपनीचा युक्तिवाद ‘सुरक्षितते’चाच होता, हे लक्षात ठेवा.

६/ आता अँड्रॉइड. २००५ मध्ये गूगलने ती छोटी कंपनी विकत घेतली. नोव्हेंबर २००७ मध्ये ‘ओपन हँडसेट अलायन्स’ची घोषणा झाली. भर होता तो ‘ओपन’ या शब्दावर. ऑक्टोबर २००८ मध्ये पहिला फोन, टी-मोबाइल जी१, बाजारात आला, आणि काही आठवड्यांतच लोकांना त्यातला एक अफलातून दोष सापडला : कळफलकावर टाइप केलेले प्रत्येक अक्षर पडद्याआड रूटच्या अधिकाराने चालणाऱ्या कवचाकडेही जात होते. गप्पांच्या ओघात ‘रीबूट’ हा इंग्रजी शब्द टाइप करून एंटर दाबले, की फोन खरोखरच बंद होऊन पुन्हा सुरू होई! अँड्रॉइडवरील रूटचा उगम हा असा. कोणी तिजोरी फोडली नाही. दार उघडेच होते. गूगलने ते तातडीने बुजवले. दोष म्हणून बुजवणे योग्यच होते, पण मालकासाठी दुसरे दार त्या फोनला ठेवले नाही.

७/ त्या फटीतून आत गेलेल्यांनी काय केले? लूट नव्हे, दुरुस्ती. स्टीव्ह कोंडिक यांनी २००९ मध्ये ‘सायनोजेनमॉड’ सुरू केले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये गूगलने त्यांना नोटीस धाडली : जीमेल, मॅप्स, मार्केट ही ॲपे आमची, ती वाटू नका. कायद्याने गूगलचे म्हणणे बरोबर होते, हे कबूल. पण इतिहासाच्या अभ्यासकाने एवढी नोंद घ्यावी की ‘ओपन’ या पाटीचा बारीक टाइप त्या दिवशी प्रथमच सर्वांना वाचता आला. गाभा सर्वांचा, ज्याच्याविना फोन निम्मा निरुपयोगी, ते एकाचे.

८/ या कथेचा एक अध्याय दिल्लीत घडला. सायनोजेनची कंपनी झाली, २०१४ मध्ये वनप्लसच्या पहिल्या फोनवर तिची प्रणाली आली. आणि त्याच वर्षी कंपनीने भारतापुरते एकाधिकार मायक्रोमॅक्सला दिले. डिसेंबरमध्ये प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले, वनप्लसवर अंतरिम मनाई आली, पुढे अपिलात ती उठली. स्वयंसेवकांच्या श्रमांतून उगवलेल्या वस्तूवरून दोन कंपन्या भारतीय न्यायालयात भांडत होत्या! २०१६ च्या अखेरीस सायनोजेनने सेवा गुंडाळल्या. तरी प्रणाली मेली नाही, कारण संहिता मुक्त परवान्याखाली होती. तीच आज ‘लिनिएजओएस’ म्हणून जिवंत आहे.

९/ नवख्यांचा इथे हमखास गोंधळ होतो, म्हणून थोडे थांबू. बूटलोडर उघडणे, कस्टम रॉम घालणे आणि रूट करणे या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. बूटलोडर म्हणजे वेशीवरचा दरवाजा : कोणती प्रणाली आत येईल हे तो ठरवतो. रॉम म्हणजे प्रणालीच. रूट म्हणजे त्या प्रणालीतील सर्वाधिकार. लिनिएजओएस घातले म्हणून फोन रूट होत नाही. आणि जुना फोन जगवण्यासाठी रूटची बहुधा गरजही नसते.

१०/ क्रम असा. आधी सगळ्याचा बॅकअप, कारण बूटलोडर उघडताना फोनमधील डेटा पुसला जातो (चोराच्या हाती तो लागू नये म्हणून, आणि हे योग्यच आहे). सेटिंग्जमध्ये ‘बिल्ड नंबर’वर सात वेळा टिचकी, मग डेव्हलपर पर्यायांतून ‘ओईएम अनलॉकिंग’ आणि ‘यूएसबी डिबगिंग’. संगणकावरून फास्टबूटद्वारे कुलूप उघडायचे. काही निर्माते त्यासाठी आधी नोंदणी करायला लावतात. मग रिकव्हरी, मग रॉम, गूगलची ॲपे हवी असल्यास पहिल्यांदा सुरू करण्यापूर्वीच. रूट हवेच असेल तर सर्वांत शेवटी, मॅजिस्कने बूट प्रतिमा सुधारून. मॉडेलचे सांकेतिक नाव अक्षरशः जुळले पाहिजे. ‘जवळपास तेच मॉडेल’ हे फोनची वीट करण्याचे सर्वांत प्रचलित तंत्र आहे. पहिला प्रयोग खणात पडलेल्या जुन्या फोनवर करावा.

११/ विरोधकांचा सर्वांत वजनदार आक्षेप : सुरक्षितता. तो मी उडवून लावणार नाही. रूटचा अधिकार दिलेले दुष्ट ॲप सर्व कोठड्या ओलांडू शकते. उघड्या बूटलोडरचा फोन चोरीला गेला तर धोका वाढतो. पण यावरून ‘म्हणून किल्ली कंपनीकडेच’ हा निष्कर्ष निघत नाही. गूगलच्याच पिक्सेल फोनांवर मालक स्वतःची किल्ली नोंदवून बूटलोडर पुन्हा बंद करू शकतो. ग्राफीनओएस नेमके हेच करते. कुलूपही शाबूत, किल्लीही मालकाची. तंत्र उपलब्ध आहे, बाकीच्यांची इच्छा नाही.

१२/ आणि बँकांची ॲपे? ती फोन विश्वासार्ह आहे का हे गूगलच्या सेवेला विचारतात. परिणामी वर्षानुवर्षे सुरक्षा-दुरुस्ती न मिळालेला, पण कुलूपबंद फोन अनेकदा ‘विश्वासार्ह’ ठरतो, आणि ताज्या दुरुस्त्या असलेला लिनिएजओएसचा फोन नापास होतो. याला सुरक्षा म्हणायचे की निष्ठेची परीक्षा?

१३/ ‘बेकायदा’ म्हणणाऱ्यांसाठी : आपल्या प्रताधिकार कायद्यातील कलम ६५अ २०१२ च्या दुरुस्तीने आले. ते तांत्रिक कुलूप मोडण्याला शिक्षा सांगते, पण हक्कभंग करण्याचा हेतू असेल तर. स्वतःच्या फोनवर मुक्त संहितेची प्रणाली घालण्यात कोणाचा हक्क भंगतो, ते दाखवून द्यावे. वॉरंटी नाकारली जाऊ शकते, हा मुद्दा खरा. पण वॉरंटी हा करार आहे, दंडविधान नव्हे.

१४/ माझ्या विषयात फोन हे चैनीचे साधन नाही. दफ्तरखान्यात छायाचित्रणाची परवानगी मिळाली, तर मोडी कागद टिपायला अनेकांच्या हाती जुना फोनच असतो. त्याचा कॅमेरा चांगला, बॅटरी बदललेली, आणि निर्मात्याने मात्र त्याला वाऱ्यावर सोडलेले. हार्डवेअर धडधाकट असताना तो भंगारात जावा, हे कोणाच्या सोयीचे आहे?

१५/ दारे आपोआप उघडी राहत नाहीत. २०१८ मध्ये ह्वावेने बूटलोडरचे संकेतांक देणे थांबवले. उलट २०११ मध्ये एचटीसीच्या ग्राहकांनी कुलूपबंद फोनांविरुद्ध एवढा गदारोळ केला, की मे महिन्यात कंपनीचे प्रमुख पीटर चौ यांना धोरण बदलल्याचे जाहीर करावे लागले. पुढचा फोन घेताना दुकानदाराला कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलआधी एवढेच विचारा : याचा बूटलोडर उघडतो का? त्याला उत्तर माहीत नसेल. तरी विचारा, आणि कंपनीच्या ग्राहकसेवेलाही लेखी विचारा.