नळ कोणाच्या नावावर?

पाणी कोण भरतं? बाई. भांडी, धुणी, म्हाताऱ्यांचं ओलं अंथरूण कोणाकडे? बाईकडे. मग नळाच्या अर्जावर सही कोणाची? घरमालकाची. आणि मालक कोण, हे काय तुम्हाला सांगायला हवं, मैत्रिणींनो?

मी नागभीडची. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली. घर अजून सासऱ्यांच्या नावावर, तेही गेलेत. घरपट्टी दरसाल मी भरते, पावती त्यांच्या नावाने फाटते. नळाचा अर्ज घेऊन कचेरीत गेले तर विचारलं, "दिराचं संमतीपत्र कुठाय?" दीर परगावी, बोलणं बंद. म्हणजे मेलेल्या माणसाच्या नावाने कर चालतो, जिवंत बाईच्या नावाने नळ चालत नाही! घोडाझरीचा एवढा तलाव जवळ, आणि मी दोन वर्षं बोरिंगवरून गुंड वाहिले. शेवटी सासूबाईंनी लेकाची सही आणली.

मग काय, नियमच नकोत? हवेत, आणि आपल्यालाच जास्त हवेत. नळाची नळी गटारातून नेली की फुटक्या जोडातून घाण आत शिरते. पोराला जुलाब लागतात, रात्र आईची जाते. संडासाचा खड्डा विहिरीपासून निदान १० मीटर दूर हवा, मोरीच्या पाण्याला वाट हवी. पण हे बघायला माझ्या घरी कोणी आलं नाही. कागद तपासले, जागा नाही. खोदकाम वाचावं म्हणून नळ रस्त्याकडे बसवला. चूल मागच्या अंगाला. नळ आला, गुंड डोक्यावरच राहिला.

कायदा आपल्या विरोधात नाही, हे ध्यानात घ्या. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने विधवेला नवऱ्याच्या मिळकतीत हिस्सा आहे. मुलगा आधी गेला असेल तर सासऱ्याच्या मिळकतीतही त्याच्या विधवेला वाटा आहे. खेड्यातलं घर ग्रामपंचायतीच्या दप्तरी नवरा-बायको दोघांच्या नावे लावावं, असं शासनाने २००३ मध्येच सांगितलं. २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पाणी हक्क समितीच्या याचिकेवर सांगितलं की पाणी हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, झोपडी बेकायदा म्हणून माणसाला तहानलेलं ठेवता येणार नाही. जिच्या झोपडीला कागदच नाही तिला पाणी, मग घरपट्टी भरणारीला का नाही?

२०१९ च्या जलजीवन मिशनमध्ये गावच्या पाणी समितीत निम्म्या बायका घ्यायच्या, पाणी तपासायला गावात पाच बायकांना शिकवायचं. पाणी पिण्याजोगं आहे की नाही, हे सांगायला बाई चालते. नळ मागायला का चालू नये?

म्हणून आपलं मागणं साधं आहे. जी घरात राहते तिच्या अर्जावर नळ द्या. वारसांचा वाद वारसांनी मिटवावा, तोवर पाणी अडवू नका. नळ, मोरी, खड्डा कुठे हे ठरवताना घरातल्या बाईला उभं करून विचारा. अर्ज परत केला तर कारण लेखी द्या.

आणि आपणही एक करू. पुढच्या बैठकीला प्रत्येकीने घरपट्टीची पावती आणायची. नाव कोणाचं आहे, ते मोठ्याने वाचायचं. लढाई तिथून सुरू होते.