वसईच्या कोटातील चर्च कोणाचे?

वसईचा किल्ला म्हटला की मराठी मनाला १७३९ चा मे महिना आठवतो आणि ते तेथेच थांबते. चिमाजी अप्पांचा पराक्रम मोठाच; त्याविषयी आमचे दुमत नाही. परंतु नायगावच्या पश्चिमेला, खाडीच्या मुखाशी असलेल्या या कोटात शिरणाऱ्याच्या नजरेत तटाबुरुजांआधी भरतात ते चर्चचे भग्नावशेष. जेझुइट, फ्रान्सिस्कन, डॉमिनिकन अशा संघांची ही मंदिरे. त्यांतील सेंट जोसेफचे मुख्य चर्च १५४६ चे. १६०१ मध्ये ते नव्याने बांधल्याचे तेथील शिलालेख सांगतो. आज छप्पर नाही, मनोरा मात्र ताठ उभा आहे.

'पोर्तुगीजांचे अवशेष' एवढ्या दोन शब्दांत त्यांची बोळवण करण्याची आपल्याकडे रीत आहे. ती आम्हांला मान्य नाही. पोर्तुगीज गेले; मागे राहिलेल्या ख्रिस्ती रयतेला तहाने धर्माचरणाची मोकळीक दिली. ही रयत म्हणजे इथलेच कोळी, इथलेच शेतकरी. घरात कादोडीसारखी बोली बोलणारे, मराठीत प्रार्थना करणारे. चर्चचे छत कोसळले, धर्मग्राम कोसळला नाही. वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया १५९७ मध्ये नागासाकीला क्रुसावर हुतात्मा झाले, १८६२ मध्ये संत म्हणून घोषित झाले. त्यांचा सण आजही नाताळानंतर याच किल्ल्यात भरतो.

आयर्लंडच्या खेड्यांतून छप्पर उडालेली मध्ययुगीन चर्च जागोजागी दिसतात. त्यांच्या भोवतीच्या दफनभूमीत गावकरी पिढ्यान् पिढ्या आपली माणसे पुरत आले. तो पडका दगड त्यांना परका वाटत नाही.

आपल्याकडे तर याहून नवल आहे. वसईच्या मोहिमेतून आलेल्या घंटा मराठ्यांनी देवळांत बांधल्या. नाशिकच्या नारोशंकर मंदिरात एक आहे. वाईजवळ मेणवलीच्या घाटावरील घंटेवर १७०७ हे साल आणि बाळासह मरियेची आकृती आहे. तिला कोणी विटाळ मानला नाही, आणि हे आपल्या परंपरेला शोभणारेच झाले. मग घंटा आपली आणि मनोरा तेवढा परक्याचा, हा कुठला न्याय?

भिंतींत पिंपळ रुजतात, जमिनीतल्या थडग्यांच्या शिळा पायताणांखाली झिजतात. जेर्सन द कुन्हा या गोमंतकीय विद्वानाने १८७६ मध्ये या पुरावशेषांवर ग्रंथ लिहिला, तोही इंग्रजीत. त्या शिळांवरचा मजकूर तेथेच, शिळेशेजारी, मराठीत वाचायला मिळावा, एवढी तरी मागणी मराठी वाचकाने करावी.