पानिपत जिंकलं, पाणवठ्याचं काय?



जयंत नारळीकर २० मे २०२५ ला पुण्यात गेले. फलज्योतिषाला आकडेशास्त्राच्या कसोटीवर उघडं पाडणारा हा माणूस. आम्हाला त्यांच्याबद्दल आदर आहे. म्हणूनच त्यांच्या 'गंगाधरपंतांचे पानिपत' या विज्ञानकथेला एक सवाल टाकायचाय.

कथा अशी. १७६१ सालच्या पानिपतात विश्वासरावांना लागायची गोळी कानाला चाटून जाते. मराठे जिंकतात! पुण्याचे इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे त्या दुसऱ्याच जगात जाऊन पडतात. तिथे दिल्लीत नामधारी मोगल, कंपनी सरकार बंदरांच्या आसपास कोंडलेलं. राज्यकर्ते कंपनीचे तज्ज्ञ घेतात, पण कामापुरते. दोस्ती, पण हातचं राखून. पुढे विज्ञानसंस्था निघतात, विसाव्या शतकात लोकशाही येते.

झकास! पण या जगात महार-मांग कुठायत? तिथल्या सभांना अध्यक्ष नसतो. रिकाम्या खुर्चीत पंत बसतात, तर लोक खवळतात. खुर्ची गेली, ते आम्हाला कळलं. पाणवठा खुला झाला का, ते मात्र कळत नाही.

पेशव्यांच्या पुण्यात अस्पृश्याच्या गळ्यात मडकं आणि कमरेला झाडू असे, हे बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिनिर्मूलना'त लिहून ठेवलंय. एक गोळी हुकली म्हणून ते मडकं फुटलं असतं? विज्ञानानं तोफ सुधारते. तोफ ओतणाऱ्याचं मन आपोआप सुधारत नाही.

हातचं राखून केलेली दोस्ती आम्हीही बघितलीय. १ जानेवारी १८१८ ला कोरेगावात पेशव्याच्या फौजेपुढं उभ्या ठाकलेल्या कंपनीच्या पलटणीत महार शिपाई होते. पण कंपनी काय आमची मावशी नव्हती. गरज होती तोवर बंदूक दिली. मग १८९० च्या दशकात त्याच इंग्रजांनी 'लढाऊ जातीं'चं खूळ काढून महारांची भरती बंद पाडली. महार रेजिमेंट उभी राहायला १९४१ उजाडलं.

तेव्हा ताडीवाला रोडच्या, पर्वतीच्या, येरवड्याच्या पोरांनो, 'जर-तर'चा मक्ता काही गंगाधरपंतांचा नाही. कोरेगावहून परतलेल्या शिपायांनी बंदूक खाली न ठेवता थेट गावची विहीर गाठली असती तर? चवदार तळं १९२७ ऐवजी १८२७ लाच पेटलं असतं तर? ज्याला उद्याचं जग रचता येत नाही, त्याच्यासाठी ते दुसरे रचतात, आणि त्यात त्याला जागा ठेवायची विसरतात.

लेखणी उचला. ते दुसरं जग आता आपल्या वस्तीतून सुरू होऊ द्या.