ज्या गावाचं नाव शब्द झालं

मुलांनो, गेल्या महिन्यात सहलीहून परत येताना आमच्या वर्गातल्या एका मुलीने एसटीच्या खिडकीतून एका दुकानाची पाटी वाचली आणि मोठ्याने विचारलं, "बाई, स्पा म्हणजे काय हो?" मागच्या सीटवरून लगेच उत्तर आलं, "मालिश करतात ते!" सगळी गाडी हसली. उत्तर अगदीच चूक नव्हतं, पण खरी गंमत पुढेच आहे. स्पा हे एका गावाचं नाव आहे! पैठणवरून जशी पैठणी आली, तसा या गावावरून हा शब्द आला.

हे गाव आहे युरोपातल्या बेल्जियम देशात, आर्देनच्या डोंगराळ भागात. वस्ती साधारण दहा हजारांची. आपल्याकडची तालुक्याची कितीतरी गावं याहून मोठी! या गावात आणि भोवतालच्या रानात पाण्याचे झरे आहेत. तिथल्या बोलीत त्यांना 'पूहों' म्हणतात. आपल्या वज्रेश्वरी-गणेशपुरीची कुंडं गरम पाण्याची, तर हे झरे थंडगार. पाण्यात लोह आहे. त्यामुळे जिभेला लोखंडाची चव लागते आणि पाणी वाहतं तिथला दगड गंजल्यासारखा तांबूस होतो. शिवाय त्यात सोड्यासारखे बुडबुडे! ते कुणी यंत्राने भरलेले नाहीत. जमिनीच्या पोटातून कार्बन डायऑक्साइड वायू वर येतो आणि पाण्यात मिसळतो.

अशा वेगळ्या चवीचं पाणी औषधी असणारच, असं लोकांना वाटलं. सोळाव्या शतकात दूरदूरचे आजारी लोक इथे येऊ लागले. ज्यांना येणं जमत नसे, त्यांच्यासाठी पाणी बाटल्यांत भरून परदेशी जाऊ लागलं. इंग्रजांनी तर आपल्या देशात असा झरा सापडला की त्यालाही 'स्पा' म्हणायला सुरुवात केली. झालं! गावाचं नाव गावाची वेस ओलांडून गेलं.

१७१७ मध्ये रशियाचा सम्राट पीटर द ग्रेट पोटाच्या तक्रारी घेऊन इथे आला. त्याला बरं वाटलं आणि त्याने आभाराची संगमरवरी पाटी पाठवली. गावातल्या मुख्य झऱ्याला आजही त्याचंच नाव आहे. मग राजे, सरदार, लेखक सगळ्यांचीच रीघ लागली. स्पाला 'युरोपचं कॅफे' म्हणू लागले. आपल्या भाषेत सांगायचं, तर साऱ्या युरोपचा पारच तो!

आता तुम्ही विचाराल, "बाई, ते पाणी पिऊन खरंच रोग बरे व्हायचे?" अंगात लोह कमी असलेल्यांना उपयोग झालाही असेल. पण एकच पाणी सगळ्या रोगांवर चालत नाही. आजारी पडलं की डॉक्टरांकडेच जायचं, बरं का!

पण दिवस काही सारखे राहत नाहीत. १७८९ मध्ये फ्रान्समध्ये क्रांती झाली आणि येणारे सरदार पांगले. १८०७ मध्ये मोठी आग लागून गावाचा बराच भाग जळाला. पहिल्या महायुद्धात, १९१८ मध्ये, जर्मन सैन्याचं मुख्य ठाणं इथे होतं. जर्मनीचा सम्राट दुसरा विल्हेल्म १० नोव्हेंबरला इथूनच हॉलंडला निघून गेला. दुसऱ्याच दिवशी युद्ध थांबलं.

राजे आले, गेले. झरे मात्र वाहतच राहिले. कसे?

गावाच्या वर 'फान्य' नावाचं ओलसर माळरान आहे. तिथे पडलेला पाऊस खडकांतून हळूहळू झिरपतो आणि वर्षानुवर्षांनी झऱ्यातून बाहेर येतो. म्हणजे झरा खाली असला, तरी त्याचं माहेर वर! हे ओळखून १८८९ मध्येच झऱ्यांभोवतालच्या जमिनीला कायद्याचं संरक्षण मिळालं. पुढे हे क्षेत्र वाढत वाढत १३ हजार हेक्टरांपर्यंत गेलं. २०२१ मध्ये युनेस्कोने युरोपातल्या अशा ११ गावांना जागतिक वारशाचा मान दिला. त्यात स्पाही आहे.

हे वाचताना मला माझं माहेरचं गाव आठवलं. टेकडीखाली एक झरा होता. उन्हाळ्यात आई तिथून हंडा भरून आणायची आणि मी लहान कळशी घेऊन तिच्या मागे. त्याला कुणी बुजवलं नाही, की त्यात घाणही टाकली नाही. उलट आम्ही दर पाडव्याला त्याची पूजा करायचो! पण वरच्या टेकडीवरची झाडं तुटली, मुरूम खणून नेला, तेव्हा कुणी काही बोललं नाही. आम्हीही नाही. हळूहळू झरा आटला. आता तिथे कोरडा खड्डा आहे. आम्ही झरा पूजला, पण त्याची टेकडी सांभाळली नाही.

म्हणून या आठवड्यात एक काम. घरातल्या आजी-आजोबांना विचारा, "आपल्या गावात पूर्वी पाणी कुठून यायचं?" मग आई-बाबांबरोबर तिथे जाऊन या. झरा असो, विहीर असो, आड असो. तिथे उभं राहून आधी वर बघा. पाऊस कुठे पडतो आणि तिथे आज काय चाललंय, ते वहीत लिहा आणि वर्गात वाचून दाखवा.

पुढच्या आठवड्यात भेटूच!

तुमच्या बाई