वजन लिहिलं, मूल राहिलं

धुळे जिल्ह्यातल्या साक्रीच्या पश्चिमेला, पिंपळनेर-दहिवेलच्या पट्ट्यात, आश्रमशाळेतली मुलं तपासताना आपली नजर हडकुळ्या पोरांवर जाते. साक्री गावात क्लासला गाडीवरून जाणाऱ्या, मधल्या सुट्टीत वडापाव-वेफर्सवर भागवणाऱ्या मुलांत दुसरं टोक दिसतं. 2016-18 च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात देशातली 10 ते 19 वयाची सुमारे 24 टक्के मुलं कृश आणि 5 टक्के जादा वजनाची आढळली. आपल्या ओपीडीत दोन्ही येतात, दोघांचंही वजन आपण लिहितो. त्या वजनापायी मुलाचं रोजचं जगणं कुठे अडतं, ते केसपेपरवर येत नाही.

आधी मोजमाप, कारण गाडी तिथेच घसरते. बीएमआयची 18.5 ही प्रौढांची रेषा शाळकरी मुलांना लावायची सवय अजून गेलेली नाही. तेरा वर्षांची मुलगी, उंची 150 सेंमी, वजन 36 किलो, म्हणजे बीएमआय 16. प्रौढांच्या मापाने ती कुपोषित. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2007 च्या तक्त्यात मात्र त्या वयाला कृशतेची रेषा 15 च्या आसपास आहे. तिच्या आईला उगाच घोर लावू नये. जादा वजनासाठी भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेचे 2015 चे तक्ते घ्यावेत, त्यांत प्रौढपणीच्या 23 आणि 27 शी जुळणाऱ्या रेषा आहेत. आपल्याकडे कमी वजनातही चरबी जास्त असते, हे पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या कामाने नवजात बाळापासूनच दाखवून दिलं आहे. जाड्या मुलाच्या मानेवरचा काळपट, खरखरीत पट्टा आई मळ समजून घासत बसते. तिथे साबण कामाचा नाही, साखर तपासा. आणि कृश, थकलेलं, हातपाय दुखतात म्हणणारं आदिवासी मूल आलं तर लोहाच्या गोळ्यांवर बोळवण करण्याआधी सिकलसेलची चाचणी करा.

आता जगण्याकडे. जेम्स वार्नी यांची मुलांच्या जगण्याचा दर्जा मोजणारी प्रश्नावली 23 प्रश्नांची आहे. शरीर, मन, मित्र आणि शाळा असे तिचे चार भाग. ती वापरून 2003 मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अमेरिकी अभ्यासात अतिस्थूल मुलांच्या जगण्याचा दर्जा कर्करोगाचे उपचार घेणाऱ्या मुलांइतका खालावलेला दिसला. हा निष्कर्ष पुष्कळ गाजला. पण ती 106 मुलं रुग्णालयात उपचारासाठी आलेली होती. 2005 चा ऑस्ट्रेलियातला अभ्यास शाळांतल्या मुलांचा होता, त्यात फरक दिसला तो बराच सौम्य. आमच्या मते या दोन्हींतून आपल्या कामाचं एकच निघतं: नुसत्या बीएमआयवरून मुलाचं दुःख मोजता येत नाही, त्याला विचारावं लागतं.

विचारणं राहिलं बाजूला, आपण त्या दुःखात भर घालतो. शाळा तपासणीच्या दिवशी काटा व्हरांड्यात असतो. एक जण आकडा पुकारतो, दुसरा लिहितो. “बहात्तर!” म्हटलं की रांगेत खसखस पिकते आणि “अठ्ठावीस!” म्हटलं की कोणी तरी “काडी” म्हणतंच. दुसऱ्या दिवशी पीटीच्या तासाला त्या मुलाचं पोट दुखतं. काटा आडोशाला ठेवायला आणि आकडा फक्त लिहायला पैसा लागत नाही. हे तपासणी पथकातल्या दोन्ही वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या हातात आहे, त्यासाठी धुळ्याहून आदेश यायची वाट कशाला पाहायची?

पूर्ण प्रश्नावली भरायला वेळ नाही, हे मान्य. चार प्रश्न पुरे: पळताना धाप लागते का, झोप नीट लागते का, कोणी चिडवतं का, महिन्यात शाळा किती बुडाली? अहिराणीत, कोकणीत, जी बोली मूल घरी बोलतं तीत विचारा, आणि आई-बापासमोर नको. ऊसतोडीला गुजरातेत जाऊन आलेल्या मुलाच्या चौथ्या उत्तरात त्याच्या वजनाचं कारणही बहुधा सापडेल.

वजन तीन महिन्यांत फारसं हलत नाही. चिडवणं थांबलं, मूल मैदानावर परतलं, शाळा बुडायची थांबली, हे तेवढ्यात होऊ शकतं. म्हणून फेरतपासणीला आलेल्या मुलाला काट्यावर उभं करण्याआधी हे चार प्रश्न पुन्हा विचारा, आणि उत्तरं वजनाशेजारीच लिहा.