काशीच्या पायऱ्या आणि गुडघ्यातली सुई

वाराणसीत चौऱ्याऐंशी घाट आहेत आणि गंगेपर्यंत पोचायचे तर पायऱ्या चुकत नाहीत. दुर्गाघाट, ब्रह्माघाटाच्या परिसरात पेशवेकाळापासून मराठी कुटुंबे राहत आली. तिथल्या झिजलेल्या गुडघ्यांना, किंवा महाराष्ट्रातून काशीला निघालेल्या आजी-आजोबांना, ‘एक इंजेक्शन घ्या’ हा सल्ला मोहात पाडतो.

स्टेरॉइडच्या इंजेक्शनने आराम पडतो, हे खरे. पण तो काही आठवड्यांचाच. अमेरिकेत १४० रुग्णांना दोन वर्षे, दर बारा आठवड्यांनी, स्टेरॉइड किंवा साधे सलाइन टोचले गेले. २०१७ साली निकाल आला: वेदनेत लक्षणीय फरक नाही, उलट स्टेरॉइड घेणाऱ्यांची कूर्चा अधिक झिजली. मधुमेह असेल तर साखरही काही दिवस वाढते.

रुग्णाच्याच रक्तापासून बनवलेल्या महागड्या पीआरपीचे काय? ऑस्ट्रेलियातल्या २८८ रुग्णांच्या चाचणीत, २०२१ मध्ये, तेही सलाइनपेक्षा सरस ठरले नाही.

असह्य दुखण्यात एखादे इंजेक्शन जरूर घ्यावे. मात्र मांडीचे स्नायू बळकट करणारा व्यायाम आणि वजन घटवणे यांना पहिला मान हवा. सुई टोचण्यापूर्वी डॉक्टरांनी हे सांगितले नसेल, तर रुग्णाने निःसंकोच विचारावे.