पळालेल्या बैलाची साक्ष

प्रति,
गोव्याचे मा. मुख्यमंत्री आणि विधानसभेचे सर्व ४० सदस्य



धिरयो, म्हणजे बैलांच्या झुंजी, कायदेशीर कराव्यात, ही मागणी आपल्या सभागृहात पुन्हा पुन्हा होते. एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे सत्ताधारी आणि विरोधक या विषयावर मात्र एका सुरात बोलतात. परंपरा, पर्यटन, शेतकऱ्याची हौस अशी कारणे दिली जातात. बैलाचे काय, असे कोणी विचारले की ठरलेले उत्तर येते : मुके जनावर ते, त्याला काय कळते? या एका उत्तरासाठी हे पत्र.

मी नऊ-दहा वर्षांचा असताना मामाच्या सायकलवर बसून साष्टीतल्या एका गावात धिरयो पाहायला गेलो होतो. भातकापणी झालेले शेत, भोवती माणसांचे कडे. कपाळाला कपाळ भिडले आणि मग बराच वेळ काहीच घडेना. नवख्याला वाटावे, दोघे दमून उभे आहेत. जाणकारांची नजर मात्र मागच्या पायांवर होती. एकाचे खूर ढेकळांत सरकू लागले. त्याने शेपूट उचलली आणि पातळ शेण टाकले. ‘भियेलो!’ मामा पुटपुटला. पुढच्या क्षणी तो बैल वळला आणि माणसांचे कडे फोडून पळत सुटला. कोणी हसले, कोणी शिव्या घातल्या, आणि नोटा या हातातून त्या हातात गेल्या.

धिरयोचा निकाल कसा लागतो, ते आपल्यापैकी अनेकांना माझ्याहून चांगले ठाऊक असेल. इथे गुण मोजत नाहीत, घड्याळ लावत नाहीत. जो पाठ फिरवून पळाला तो हरला. म्हणजे पैज लागते ती आधी कोण भिणार यावर. बैलाच्या मनात भीती नसेल तर धिरयो संपणारच नाही, आणि पैजेचे पैसेही कोणाला मिळणार नाहीत. ज्यांचा सगळा खेळ बैलाच्या भीतीवर चालतो, त्यांनीच ‘त्याला काय कळते’ म्हणावे, याला काय म्हणायचे? माझ्या बाजूचा पहिला साक्षीदार तो पळालेला बैलच आहे.

दुसरा साक्षीदार दूरचा आहे. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी वासरांना दोन रंगांचे पडदे ओळखायला शिकवले. एका रंगाकडे गेले की दूध, दुसऱ्याकडे गेले की शिक्षा म्हणून थोडा वेळ काहीच नाही. मग मधल्या, संदिग्ध छटा दाखवल्या. शिंगांचे कोंब तापल्या लोखंडाने जाळल्यानंतर तीच वासरे या मधल्या छटांकडे कमी वेळा जाऊ लागली. दुखण्याने त्यांचा चांगल्यावरचा भरवसा कमी केला होता. चटका बसला म्हणून पाय झटकणे वेगळे आणि दुखण्याने मन खट्टू होणे वेगळे. वासरांमध्ये जे दिसले ते दुसरे होते.

मेंदूविज्ञानही आता आढेवेढे घेत नाही. २०१२ मध्ये केंब्रिज येथे शास्त्रज्ञांनी जाहीर केले की, जाणिवेला लागणारी मेंदूतली यंत्रणा एकट्या माणसाकडे नाही. ती सस्तन प्राण्यांकडे आणि पक्ष्यांकडेही आहे. ब्रिटनने २०२२ च्या कायद्यात कुर्ल्या, शेवंडी आणि ऑक्टोपस यांनाही जाणीव असलेले जीव मानले. आणि आपण अजून बैलापाशी अडखळतो आहोत.

शिंगाचेच पाहा. बाहेरून ते नखासारखे निर्जीव. आत मात्र जिवंत हाड आणि रक्त. म्हणून तर शिंग कापण्यापूर्वी पशुवैद्य डोळा आणि शिंग यांच्या मधल्या नसेजवळ भुलीचे इंजेक्शन देतो. वाढलेल्या बैलाच्या शिंगात कपाळाच्या हाडातली पोकळी शिरलेली असते. झुंजीत शिंग बुडातून मोडले की ती पोकळी उघडी पडते. तिच्यात माती जाते, माश्या बसतात, पू होतो, किडे पडतात. बातमीत याला ‘बैल किरकोळ जखमी’ म्हणतात.

‘बैल जात्याच झुंजतो,’ असे सांगितले जाते. झुंजतो, खरे आहे. कळपातले दोन बैल आडवे उभे राहून अंग दाखवतात, माती उकरतात, डुरकतात; बहुतेक वेळा त्यातच एकाला आपली पायरी कळते आणि तो बाजूला होतो. शिंगे तासून अणकुचीदार करणे, परक्या गावचा बैल टेम्पोतून आणून समोर उभा करणे, पैजेसाठी चेतवणे, ही निसर्गाची कामे नव्हेत.

‘मांस खाता, तेव्हा कुठे जाते ही करुणा?’ हाही प्रश्न येईल. मी मासे खातो. तो प्रश्न मलाही लागू आहे आणि त्यातून माझी सुटका नाही. पण कत्तलखान्याला लावलेले नियम निदान वेदना कमी व्हावी म्हणून केलेले असतात. धिरयोत भीती वजा केली तर उरतेच काय?

आता कायद्याचे. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ नुसार जनावरांना झुंजवणे हा गुन्हा आहे. १९९६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पणजी खंडपीठाने धिरयो बंद करण्याचा आदेश दिला. तरी त्या होत राहिल्या, कारण पहिल्या गुन्ह्याला कायद्याने ठरवलेला दंड १० ते ५० रुपये होता. ५० रुपयांत आज मडगावच्या बाजारात बांगड्यांचा धड वाटाही येत नाही.

तुम्ही सर्वोच्च न्यायालयाच्या १८ मे २०२३ च्या निकालाकडे बोट दाखवाल. घटनापीठाने तमिळनाडू, महाराष्ट्र आणि कर्नाटक यांनी या कायद्यात केलेल्या दुरुस्त्या वैध ठरवल्या. जल्लिकट्टू आणि बैलगाडा शर्यती सुरू राहिल्या. मग धिरयोनेच काय घोडे मारले? फरक असा, की त्या खेळांत बैलाला बैलावर घालत नाहीत. तिथेही बैलाचे हाल होत नाहीत, असे मी म्हणणार नाही. पण जनावराला जनावर भिडवणे याचेच कायद्याने वेगळे नाव घेऊन ते गुन्ह्यांत घातले आहे. प्राण्यांवरील क्रूरतेला प्रतिबंध हा समवर्ती सूचीतला विषय. गोव्याने दुरुस्ती केली तर तिला राष्ट्रपतींची संमती लागेल. मात्र परंपरा कोणती आणि किती राखायची, हा विचार त्या निकालाने विधिमंडळांवर सोपवला आहे. म्हणूनच हे पत्र न्यायाधीशांना न लिहिता तुम्हाला लिहितो आहे.

मागणे तीनच. धिरयोला सूट देणारी दुरुस्ती आणू नका. दंडाची रक्कम कालानुरूप व्हावी, असा ठराव सभागृहात करून केंद्राकडे पाठवा. आणि पॉवर टिलर आल्यापासून बैल पोसणे ज्याला परवडत नाही, त्या शेतकऱ्याची अडचण खरी माना. आपल्या मातीतल्या श्वेता कपिला गाईंसाठी चांगले वळू सांभाळणाऱ्याला अनुदान द्या. जनावरांची प्रदर्शने भरवा, अंगकाठीला आणि निगेला बक्षिसे द्या. मैदान भरेल, गावाची शान राहील आणि बैल आपल्या पायांनी गोठ्यात परतेल.

त्या दिवशी संध्याकाळी मामा मला हरलेल्या बैलाच्या घरी घेऊन गेला. मालक त्याच्या ओळखीचा होता. बैल गवताला तोंड लावत नव्हता. मालक हळद-तेलाची वाटी घेऊन आला, त्याने शिंगाच्या बुडाशी बोट लावले, तशी बैलाच्या अंगावरची कातडी थरथरली आणि त्याने मान काढून घेतली. शेतात सकाळी त्याच बैलाला सर्वांत मोठ्याने शिवी देणारा तो माणूस वाटी खाली ठेवून खाली बसला आणि हळूच म्हणाला, ‘लागलें मरे तुका?’

माझा तिसरा साक्षीदार तो. त्याने पुस्तक वाचलेले नव्हते. पण दगडाला, काठीला, गाडीच्या चाकाला असे कोणी विचारत नाही, एवढे त्याला ठाऊक होते. सभागृहात हा विषय पुन्हा निघेल तेव्हा धिरयोच्या बाजूने बोलणारा प्रत्येक बैलमालक हा प्रश्न कधी ना कधी विचारून आलेला असतो, एवढे ध्यानात असू द्या.

आपला नम्र,
पेडण्याचा एक मतदार